वय पन्नास, मुलं तीन

नवापूर, शुक्रवार

प्रिय ठमी,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, माझ्या पोरीचा, दिशाचा केलास, माझ्या नवऱ्याचा केलास, आणि शेजारणीचा फोन मागून आणला तर माझा आवाज ऐकून तोही ब्लॉक. बरं बाई. पण सख्ख्या भावाला कसा ब्लॉक करशील? अंकुश उद्या सुट्टीवर पाड्याला येतोय आणि हे पत्र त्याच्या खिशात हाय. आधी नायच म्हणत होता, तुमच्या दोघींच्या भांडणात मला ओढू नका म्हणाला. मग वाळल्या बोंबलांची एक जुडी दाखवली तेव्हा तयार झाला. जुडी तुझ्यासाठी हाय, पोचली नाय तर त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघ. पत्र फाडायचं असेल तर वाचून मग फाड. तुझा राग खरा हाय, मी वाद घालायला बसले नाय. पण सोमवारच्या आत तुला एक गोष्ट कळायला पायजे, आणि ती मी पहिल्याच ओळीत लिहिली तर तू दुसरी वाचणार नायस. म्हणून जरा लांबून येते.

इकडचं म्हणशील तर नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. कमलाकांत पुन्हा समुद्रावर जायला लागला आणि मी सुटले, कारण पावसाळाभर तो घरात बसून मला भाजीत मीठ किती ते शिकवत होता. दिशा नववीत गेली. माझं इंग्रजी ऐकून ती हसून लोळते, पण चूक मात्र कधी दाखवत नाय, दुष्ट कार्टी. परवा कमलाकांत उशिरा आला तेव्हा मी दारातच उभी राहून म्हटलं, यू आर लेट. त्याला वाटलं कंपनीतून कोणी बाई आली. दोन पायऱ्या मागं उतरला बिचारा! तुझ्याशिवाय हे सांगणार कुणाला? बसमध्ये तुझ्या जागेवर आता एक मुलगी बसते. ती कानात बोळे घालून गाणी ऐकते आणि मी खिडकीतून पाम गावची झाडं मोजते.

आठवतंय, कसं सुरू झालं होतं? कंपनीत मेहुल सरांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकेक कागद वाटला होता. आपल्या चादरी ज्या परदेशी दुकानात जातात तिथली बाई तपासणीला येणार, ती विचारेल तेव्हा प्रत्येकीनं आपली माहिती इंग्रजीत सांगायची, आणि ती या कागदावर लिहिलीय, पाठ करा. देवनागरीत लिहिलेलं म्हणून आमी खूश. माय नेम इज अमुक. आय ॲम अमक्या वर्षांची. आय हॅव इतकी मुलं. आय वर्क एट अवर्स. आय ॲम हॅपी. आमी आरतीसारखं घोकायला लागलो. घडीच्या टेबलावर तर टाळ्या धरून म्हणत होतो. तू मात्र कोपऱ्यात उभी राहून आमच्याकडे अशी बघत होतीस, जशी मी पहिल्यांदा मासे घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते. मग संध्याकाळी बसमध्ये तू माझ्या शेजारी बसलीस आणि हळूच म्हणालीस, ताई, काय म्हणताय ते कळतं का?

तिथून आपली शाळा सुरू झाली. मला वाटलं होतं बारावी शिकलेली पोरगी पुस्तक काढेल. तू बोट काढलंस. स्वतःच्या छातीवर ठेवलंस, आय. माझ्याकडे केलंस, यू. ड्रायव्हरकडे, ही. दारातल्या दीपिकाकडे, शी. आणि सगळ्या बसवरून गोल फिरवलंस, वुई. पाच दिवसांत सगळी बस बोटं फिरवायला लागली. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं या बायका भांडतायत. मला सगळ्यात काय आवडलं माहितेय? साहेबालाही यू आणि कुत्र्यालाही यू. अहो नाय, जाहो नाय. मी दुसऱ्याच दिवशी मेहुल सरांना तोंडावर यू म्हणून घेतलं, गुड मॉर्निंगच्या पुढं लावून, आणि दिवसभर पोट भरल्यासारखं वाटलं.

मग ती संध्याकाळ आली. तू कागदावरचं चौथं वाक्य घेतलंस. आय वर्क, मी काम करते. एट अवर्स, आठ तास. आपण तेव्हा सकाळी सातला आत जाऊन संध्याकाळी सहाला बाहेर पडत होतो. म्हणजे आठवडाभर आमी टाळ्या धरून खोटं म्हणत होतो, तेही चालीत! दीपिका म्हणाली, आता गं काय करायचं? आणि तू काय म्हणालीस ते मला शब्द न् शब्द आठवतं. तू म्हणालीस, मी फक्त अर्थ सांगते, काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढं मला त्याचीच लाज वाटणार हाय.

माझी गोष्ट वेगळी होती. मला अर्थ कळला तरी खरे आकडे सांगणं जमेना. तू विचारलंस, हाऊ ओल्ड आर यू? मी म्हटलं फिफ्टी. तू म्हणालीस, ताई, तुमी चव्वेचाळीसच्या. हाऊ मेनी चिल्ड्रन? थ्री. तू कपाळाला हात लावलास, कारण माझी दोन्ही पोरं तुझ्या हातचं जेवून गेलेली. पण ठमी, माझाही नाइलाज हाय गं. दहाव्या वर्षापासून आईबरोबर बोईसरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसले. आईनं पहिला धडा दिला तो हा, की पहिला भाव कधी खरा सांगायचा नाय. वरचा सांगायचा, गिऱ्हाईक पाडून मागतं, आपण कुरकुर करत खाली यायचं, तेव्हा कुठं खऱ्या भावावर गाठ पडते. कोणी आकडा विचारला की माझी जीभ आपोआप वर चढते. दवाखान्यात मी ताप एकशे सहा सांगते. तू डोळे वटारून म्हणालीस, ताई, ही माहिती हाय, सुरमई नाय. मी होय होय म्हटलं.

आणि ती बाई आली. उंच, नाक उन्हानं लाल झालेलं, पण हसरी. पाचवा की सहावा नंबर माझा. तिनं मेहुल सरांना केबिनच्या बाहेर उभं केलं आणि मला खुर्ची दिली. कंपनीत अकरा वर्षांत पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली, तिथंच अर्धं इंग्रजी पळालं. बाईनं विचारलं, हाऊ ओल्ड? तोंडातून गेलं, फिफ्टी. मी वाट बघत बसले की आता ही म्हणेल, छे, चाळीस. बाईनं लिहूनच घेतलं! मुलं किती? थ्री. तेही लिहिलं. अगं, घासाघीसच नाय! कसलं गिऱ्हाईक म्हणायचं हे? मग तिनं तासांचं विचारलं. कागदावर आठ, खरे अकरा, काचेपलीकडून मेहुल सर आठ बोटं दाखवतायत, आणि मी म्हटलं, थर्टीन.

बाईनं पेन उचललं, म्हणजे हेही लिहून घेणार! मी उभी राहिले आणि ओरडले, नो नो, ट्वेल्व्ह! बाई थांबली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता पाडून मागतेय, म्हणून कमरेवर हात ठेवून म्हटलं, लास्ट, इलेव्हन, फिक्स. तिनं विचारलं, नॉट एट? मी म्हटलं, एट? नो नो, एट नो परवडत! आता ती काय समजली देव जाणे, पण हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र ती एकदम गंभीर झाली आणि इलेव्हनच्या खाली दोन रेघा मारल्या. माझ्यानंतर गेलेल्या सगळ्याजणींनी अकराच सांगितले. मी धाडस केलं असं सगळ्यांना वाटलं. धाडस कसलं डोंबलाचं, मी सवयीनं खाली येत होते.

आता ते ऑफिस. बाईची गाडी गेटबाहेर पडली तसं मेहुल सरांनी मला बोलावलं. दार उघडंच होतं, समोर घडीचं टेबल, तिथं तू. कोणी शिकवलं तुमाला, विचारलं. एकदा, दोनदा. होड्या तेव्हा बंद होत्या, कमलाकांत घरी, घर माझ्या पगारावर. हे मी सबब म्हणून सांगत नाय, नुसतं सांगते. सगळा मासळीबाजार जिच्या तोंडाला घाबरतो तिची दातखीळ बसली. आणि मग तू शिकवलेलंच बोट मी वर केलं, तुझ्याकडे केलं आणि म्हटलं, शी. तुझं नावसुद्धा घेतलं नाय. तू हातातली चादर अर्धी घडी घालून थांबलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि उरलेली घडी पुरी केलीस. मी फक्त अर्थ सांगितला, एवढं एक वाक्य तू बोलली असतीस तर सगळ्या बसनं साक्ष दिली असती. तू बोलली नायस. दुसऱ्या दिवशी गेटवर तुझं कार्ड चाललं नाय, आणि मी माझं लावून आत गेले.

तू गेलीस, आणि महिन्याभरात आठ तासांनी भोंगा वाजायला लागला. खरंच सांगते. तीनला बस उभी असते. दीपिका उजेडात घरी पोचते, मी बाजारात जाऊन पाटीवर बसते. सगळ्याजणी मला पेढा भरवायला आल्या तेव्हा मी शौचालयात जाऊन दार लावून घेतलं. ज्या पोरीमुळं सगळ्यांना आठ तास मिळाले ती पाड्यावर भाताच्या आवणीच्या चिखलात उभी, आणि माझ्या तोंडात पेढा. हे कुठल्या भाषेत बसतं, सांग.

म्हणून परवा बुधवारी ती लाल नाकाची बाई पुन्हा आली तेव्हा मी नंबर नसताना आत घुसले. या वेळी तिनं मराठी येणारी उत्कर्षा नावाची एक मुलगी बरोबर आणली होती. ती म्हणाली, काकू, मराठीत सांगा. मी म्हटलं, नको बाय, ज्या भाषेत पाप केलं त्याच भाषेत सांगते. मेहुल सर तिथंच होते, घडीच्या टेबलावर एकजण कमी का असं बाईनं विचारलं म्हणून ते तुझ्याबद्दल सांगत होते की ती आपणहून सोडून गेली, तसा कागदही हाय. मी म्हटलं, नो. शी नॉट गो. ही सेंड. आणि मग माझ्या छातीवर बोट ठेवलं, आय पॉइंट. आय फिअर. शी इज माय टीचर, हर नेम इज ठमी. या वेळी जीभ जरासुद्धा वर चढली नाय. मागं वळून बघते तर दारात दीपिका, तिच्यामागं सगळं टेबल, आणि दीपिकाचं बोट गोल फिरतंय. वुई, म्हणाली. मेहुल सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. माझं काय होईल अजून माहीत नाय. काढलं तर काढलं, पाटी हाय माझी.

तर ठमी, पत्र यासाठी लिहिलंय. सोमवारी सकाळी दहा वाजता त्या बाईनं तुला बोलावलंय. तू स्वतः येऊन सांगायचंस की आपणहून गेले नाय. तू आलीस तर तुझी जागा तुला परत द्यायला लावीन असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलंय, आणि नाय आलीस तर मेहुल सरांचा कागदच खरा धरला जाईल. अंकुश रविवारी दुपारच्या एसटीनं परत येतोय, त्याच्याबरोबर ये. रात्री माझ्याकडे उतर, नाय पटलं तर दीपिकाकडे उतर, पण ये. मला बोलू नकोस हवं तर. मी बसमध्ये मागच्या सीटवर बसेन. आणि हे आता नीट वाच, कारण हे मी आयुष्यात पहिल्यांदा करतेय. वय चव्वेचाळीस. मुलं दोन. त्या दिवशी तुझ्याकडे बोट केलं ते भीतीनं, आणि चूक सगळी माझी. मला माफ कर. हा पहिलाच भाव हाय ठमी, आणि खरा हाय. यातून मी खाली येणार नाय.

तुझीच, पाटीवरची आणि बसमधल्या बाकावरचीही,
वत्सलाताई