सरांनी न वाचलेलं पत्र

प्रिय मास्तर,

फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. सोमवारपासून मी मुद्दामच उचलत नाहीये. फोनवर तू मला हसवतोस आणि जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे कागदावर. लॅबमध्ये जेवणाची सुट्टी आहे, काँक्रीटचे क्यूब फोडून ताकद मोजायचं मशीन दुरुस्तीसाठी उघडून ठेवलंय आणि मी तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करून समजावू नकोस, तुझी ती मास्तरकी मला आज नको आहे.

आधी घरचं. कार्डाचा नमुना आला. बाबांनी तो आधी ऑपरेशन झालेल्या डोळ्याने वाचला, मग दुसऱ्या डोळ्याने, आणि दोन्ही डोळ्यांना तारीख एकच दिसते असं जाहीर केलं. छापखानेवाल्याला उद्या, शुक्रवारी, होकार हवाय. माझा राजीनामाही उद्याच द्यायचाय, तरच नोटिशीचा महिना लग्नाआधी संपतो आणि मला तुझ्याबरोबर तिकडे निघता येतं. तुझ्या आईचा, काकूंचा, रोज सकाळी फोन असतो. पाहुण्यांची यादी दोनशे दहावर गेलीय. काल तिच्यात तुझ्या मामांच्या घरमालकाचा जावई शिरला. मी विचारलं, काकू, त्याला मामा तरी ओळखतात का? तर म्हणाल्या, "अगं, लग्नातच होते की ओळख." तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस, हॉलला पार्किंग आहे ना, फोटोग्राफर ठरला ना. खोली बघितलीस ते बरं केलंस. ओटा उजवीकडे, दोन खिडक्या, आणि जवळच्या शाळेत माझ्यासाठी शिकवायची जागा निघेल असं घरमालकीण म्हणाली, हेही तू मेसेजमध्ये लिहिलंस. ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं.

शाळेत शिकवणं वाईट नाही. पण आपलं ठरलं होतं ते वेगळंच. माझ्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तक्ता अजून तिथेच आहे: दोघांचे अर्ज, दोघांचे निकाल, लग्न, आणि मग दोन वर्षं एकत्र शिकायचं. तिकडच्या विद्यापीठात आपल्या विषयाला यंदा एकच जागा आहे, हे अर्ज भरायच्या वेळी कळलं. एका म्यानात दोन तलवारी, म्हणून तू हसलास. मीही हसले. ज्याला मिळेल त्याला मिळेल, दुसऱ्याने पुढच्या वर्षी परत बघायचं, असं मीच म्हणाले. तुझं नाव लागलं तेव्हा मला खरंच आनंद झाला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. बाबा मागून आले. त्याला मिळालं म्हणजे तुलाच मिळालं, म्हणाले. नंतर आई तेच म्हणाली, काकू म्हणाल्या, शेवटी मीही म्हणू लागले. इतक्या वेळा म्हटलं की खरंच वाटायला लागलं.

तुला त्या थंडीतलं आठवतं का? खिडकीजवळच्या टाकीत पाण्यात मुरायला ठेवलेले काँक्रीटचे क्यूब दर वेळी कमी ताकदीचे भरत होते. बांधकामावरच्या मोठ्या साहेबांनी मजुरांना झापलं, तू सिमेंटला दोष दिलास. मला वाटलं, पाणीच जास्त गार असेल. ती टाकी आणि आतली, दोन्ही टाक्यांत तापमापक सोडून एकेचाळीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ नोंदी केल्या. सुट्टीच्या दिवशीही यायचे. पहारेकरी काका म्हणायचे, पोरी, घरी काही भांडण झालंय का? तू मला मुंगी म्हणायला लागलास ते तेव्हापासून. आलेख मात्र तू काढलेस, आणि काय सुरेख काढलेस! माझ्या वहीतल्या आकड्यांतून माझी शंका खरी निघतेय हे माझ्याआधी तुला दिसलं. त्या दिवशी आपण टाकीच्या कठड्यावर बसून वाटाणे खाल्ले, आणि याच्याबरोबर आयुष्यभर काम करता येईल असं माझ्या मनात आलं. लग्न वगैरे नंतर सुचलं.

मग बाबांचं ऑपरेशन अर्जांच्या दिवसांतच निघालं. दहा दिवस मी हॉस्पिटलमध्ये होते. तू म्हणालास, "तू बाबांकडे बघ, सरांचं मी बघतो." आपल्या लॅबच्या सरांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: शिफारसपत्राचा मसुदा तुम्हीच आणा, मी सही करतो. चहा ढवळता ढवळता सही करतात, कागदावर काय आहे ते बघतही नाहीत. तू दोघांची पत्रं करून, सह्या घेऊन, पाकिटं बंद करून पाठवलीस. मी वॉर्डभर तुझं कौतुक सांगत सुटले होते.

सोमवारी सरांनी मला लॅबच्या कपाटातून एक जुना कागद काढायला सांगितला. तुझ्या फाईलमध्ये दोन्ही पत्रांच्या प्रती एकाच टाचणीला होत्या. तुझ्या पत्रात टाकीच्या पाण्याची शंका तुला आली आहे. एकेचाळीस दिवस नोंदीही तूच ठेवल्या आहेस. माझ्या पत्रात मी वक्तशीर आहे, माझं अक्षर चांगलं आहे, सहकाऱ्यांशी मिळून-मिसळून वागते. एवढ्यावर थांबला असतास तरी मी घाईगडबडीत झालं असेल म्हणून सोडून दिलं असतं. मी मूर्ख आहेच तेवढी. पण शेवटी एक ओळ आहे: "येत्या वर्षी त्यांचा विवाह होणार असल्याने त्या पूर्णवेळ संशोधनाला कितपत वेळ देऊ शकतील, हे सांगणे कठीण आहे." मास्तर, तेव्हा आपल्या लग्नाचं जगात फक्त दोघांना माहीत होतं. घरी तर आपण चार महिन्यांनी सांगितलं. सरांना कुठून कळणार?

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी न मिळालेल्या जागेसाठी रडत होते तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास, तो हात आठवला की अंगावर काटा येतो. कदाचित जागा तशीही तुलाच मिळाली असती. तू हुशार आहेस, हे मी रागातही नाकारणार नाही. पण आपल्या दोघांपैकी कोण चांगलं, हे त्या लोकांनी ठरवायचं होतं. तू घाबरलास. माझ्याशी बोलला असतास तर मी कदाचित स्वतःच अर्ज मागे घेतला असता, आणि ते आठवून मला स्वतःचाही राग येतो. तुझी आठवण येते, याचा तर सगळ्यात जास्त.

आता हे पत्र का लिहिलं ते. सोमवारी सरांना तुझाच कागद हवा होता. तुझ्या शिष्यवृत्तीसाठी तिकडून त्यांच्याकडे नवं शिफारसपत्र मागितलंय. सर मला म्हणाले, "मसुदा तूच कर, त्याला तुझ्याइतकं कोण ओळखतं?" पहिला मसुदा मी पाच मिनिटांत केला: वक्तशीर, अक्षर चांगलं, मिळून-मिसळून वागतो. वाचून बरं वाटलं, आणि मग माझीच मला किळस आली. तो फाडला. दुसऱ्यात जे खरं ते लिहिलं. तुझे आलेख, तुझी नजर, तुझी मेहनत, सगळं; आणि टाकीची शंका व त्या नोंदी एका सहकारी मुलीच्या होत्या, हेही. काल सरांसमोर तो मोठ्याने वाचला. चहा बाजूला ठेवायला लावला. ही सहकारी कोण, त्यांनी विचारलं. मी, म्हटलं. मग त्यांनी जुनी दोन्ही पत्रं मागून घेतली आणि पहिल्यांदाच वाचली. नव्या पत्रावर सही केली आणि ते कालच गेलं. तुझी शिष्यवृत्ती राहील की जाईल, मला माहीत नाही. राजीनामा मी देणार नाही. पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे, आणि या वेळी माझं पत्र सर स्वतः लिहिणार आहेत. छापखान्यात सकाळी कळवलं, कार्डं छापू नका. आई-बाबांना सगळं सांगितलं. काकूंना सांगायला मात्र माझी जीभ रेटत नाही. हे पत्र कुरिअरने शनिवारी तुझ्या हाती पडेल. रविवारी सकाळी त्यांचा फोन येईल, यादीत आणखी दोन नावं घालायला. मी तो उचलणार आहे आणि त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. त्याआधी त्यांना तू सांग.

मुंगी