पांढऱ्या रविवारची कोंबडी

सवाई बेट,
२३ ऑगस्ट १९८७

॥ देवाची कृपा ॥

चि. वाइओला हिस,
लोइमाताताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारच्या बोटीनं आलं. ऑक्टोबरात मुलांच्या सणाला, पांढऱ्या रविवारला, येतेस आणि जाताना इआनेताला ऑकलंडला नेतेस, ही ओळ मी तीनदा वाचली. तेवढ्यात चुलीवरचा कोको उतू गेला. तुझे दाजी म्हणाले, की बहिणीचं पत्र वाचताना एवढी कसली समाधी.

लेक तुझी आहे, मी नाही म्हणणारी कोण? पण दोन वर्षांत ती इथं रुळली गं. सहाची असताना पाठवलीस तेव्हा अळूची उकडलेली पानं पाहून नाक मुरडायची. आता पाककृती मलाच शिकवते. पाळकबाईंनी यंदा नवीन काढलंय: सात वर्षांवरच्या मुलांनी पांढऱ्या रविवारी नुसतं पाठ केलेलं म्हणायचं नाही, स्वतः लिहिलेलं काहीतरी देवळात उभं राहून सांगायचं. इआनेता वहीत तोंड खुपसून बसलेली असते. अशा वेळी जाण्याचं बोलून तिचं मन कशाला उडवायचं, म्हणून अजून काही बोलले नाही. वेळ पाहून सांगते.

पांढऱ्या झग्याचं कापड घेतलं आहे. शिलाई दोन बोटं जास्तीची ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षीही होईल. (हे लिहून झाल्यावर लक्षात आलं, की पुढच्या वर्षी ती इथं नसेल. कागद वाया घालवत नाही, तसंच राहू देते.)

प्रार्थना चुकवू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
लोइमाताताई

*

ऑकलंड,
४ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझं 'वेळ पाहून सांगते' मला चांगलं ठाऊक आहे. आजोबांचा चष्मा मी फोडला तेव्हाही तू वेळच पाहत होतीस. शेवटी ते चष्मा न लावताच वारले. आज सांग.

दोन खोल्यांची जागा मिळाली आहे. शाळा कोपऱ्यावर. सुट्टीच्या दिवशी भोपळ्याची गोड फाउसी करून पाहिली, तर साखर करपली आणि शेजारीण धूर पाहून धावत आली. खोबऱ्याचं दूध डब्यातलं, त्याला मी काय करू? पण लेक यायच्या आत हात बसवणार आहे.

गावी येणाऱ्या फिलेमोनीच्या हाती एक वही पाठवते. रोज कामावर जाताना बसमध्ये एकेक पान लिहीत होते. एक कोंबडी बसनं सगळं ऑकलंड पालथं घालते आणि नीरफणसाचं झाड शोधते. इथल्या थंडीत कसलं झाड! तरी ती रोज उतरते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरते, काहीतरी रांधायला शिकते, पुन्हा बस पकडते. निळा रुमाल बांधलेली एक बाई तिला रोज आपल्याशेजारी जागा देते. पांढऱ्या रविवारपर्यंत रोज एक पान वाचून दाखव. शेवटचं पान कोरं ठेवलंय, ते तिनं लिहायचं.

ताई, खरं सांग, ती तुला आई म्हणते का? म्हणत असली तरी सांग. रात्रंदिवस डोक्यात तेच आहे.

तुझ्या मायेची भुकेली,
वाइओला

*

सवाई बेट,
२० सप्टेंबर १९८७

॥ देवाची कृपा ॥

चि. वाइओला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज देवळात हात जोडता येईनात, म्हणून तुला लिहायला बसले.

ती मला मावशीच म्हणते. झोपेत मात्र कधी कधी दुसरं म्हणते आणि मी ओ देते.

वही मिळाली. इआनेता पहिल्याच पानाला इतकी हसली, की पोट धरून चटईवर लोळली. मग विचारलं, की हे कुणी लिहिलं. वाइओला, माझ्या तोंडून निघून गेलं, की शाळेच्या कपाटातलं आहे, ऑकलंडच्या कुणा बाईचं. का म्हटलं, मला कळत नाही. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, एवढंच खरं. त्या दिवसापासून रोज एक पान वाचते आणि रोज तेच खोटं बोलते.

तिचे प्रश्न संपत नाहीत. कोंबडीला तिकीट लागतं का? अंडं दिलं तर चालवून घेतात का? शेवटचं कोरं पान तिनं आधीच लिहून टाकलं: कोंबडी कंटाळून बोटीनं सवाईला परत येते आणि आमच्या मागच्या झाडाखाली बसते. तेच देवळात सांगणार आहे. वाचून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची फार लाज वाटते.

नेण्याचं अजून बोलले नाही. हवं ते बोल मला. पण बोलणं टाकू नकोस.

लोइमाताताई

*

ऑकलंड,
२९ सप्टेंबर १९८७

ताई,

नमस्कार मनातून केला आहे, कागदावर उतरत नाही.

कारखान्यानं रजा नाकारली. पांढऱ्या रविवारला मी येत नाही, ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला सुटका आहे, तेव्हा येते. म्हणजे आता सगळं तुझ्याच हातात. वही कुणाची ते सांग, आणि मी न्यायला येणार हेही सांग. त्या रविवारच्या आधी, आणि तुझ्या तोंडानं. मग ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव. नको म्हणाली तर मी तिला ओढून नेणार नाही. नुसती भेटून परत फिरेन.

कोंबडी परत आली म्हणतेस. बसमध्ये वाचलं आणि दोन थांबे पुढे गेले.

वाइओला

*

सवाई बेट,
१२ ऑक्टोबर १९८७

॥ देवाची कृपा ॥

चि. वाइओला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी दुपारी सांगितलं. रविवारसाठी पाव मळत होतो दोघी, तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ. मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. तिनं पावाचे गोळे इतके आपटले, की तुझे दाजी भट्टीचे दगड सोडून पाहायला आले. संध्याकाळी एकच विचारलं, की निळ्या रुमालाची बाई म्हणजे आई का. मी हो म्हटलं. नंतर तोंड फिरवून झोपली.

काल देवळात सगळी मुलं पांढऱ्या कपड्यांत, पुढच्या बाकांवर. हिची पाळी आली. कोंबडी बोटीवर चढली इथपर्यंत वहीतलं सांगितलं आणि थांबली. पाळकबाई पुढचे शब्द पुटपुटू लागल्या. त्यांना वाटलं विसरली. इआनेतानं त्यांना देवळातच सांगितलं, की विसरले नाही, बदलते आहे. लोक हसले. मग तिनं सांगितलं, की बोट सुटायच्या आत कोंबडी उतरली, कारण बसमधली त्या बाईशेजारची जागा रिकामी राहिली असती. एवढंच, आणि जाऊन बसली. मी वर पाहिलंच नाही.

जेवायला मुलं चटईवर आणि आम्ही मोठी माणसं वाढायला. वर्षभर ताटं आणून देणारी पोरं त्या दिवशी हुकूम सोडतात, ते तू विसरली नसशील. डुकराचा चांगला तुकडा, कोको भात, खोबऱ्याच्या रसातले पाव, सगळं मी तिच्यापुढे ठेवलं. तिनं पाव उचलला आणि मला कागद-पेन आणायला सांगितलं. मी म्हटलं, वहीत तर रोज तूच लिहितेस. तर म्हणते, की आज मुलांनी काम करायचं नसतं. सगळ्यांसमोर बसून मी लिहून घेतलं. जसंच्या तसं कळव म्हणाली होतीस, म्हणून तोच कागद सोबत जोडला आहे. डाग पडले आहेत, तरी दुसऱ्यांदा उतरवला नाही.

त्यात ती येते म्हणाली आहे. 'येते' हा शब्द मी बारीक लिहिला होता. तिनं मोठा करायला लावला. मावशी खोटं बोलली, हेही लिहायला सांगितलं. मी म्हटलं, आईला ते आधीच कळवलंय. तरी लिही म्हणाली. आणि त्याखाली असं, की आईनं मावशीवर रागावू नये, ती स्वतः रागावली आहे तेवढं पुरे.

लिहून झाल्यावर कागद घेतला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचला, मी काही गाळलं तर नाही ना म्हणून. वाइओला, आजवर माझं लिहिलेलं तिनं कधी तपासलं नव्हतं. खाली खोबऱ्याच्या रसाचा जो अंगठा उमटलाय, तो सगळं बरोबर आहे म्हणून.

चोवीसला ये. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर झाला. उरलेला घेऊन ये.

तुझी,
लोइमाताताई