आता मेल मीच उघडते

मोक्पो,
१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय ओकजूताई,

तू खुशाल असशील. भावोजींची कंबर कशी आहे? त्यांना बसून राहू देऊ नकोस, चालायला लाव. चुसकच्या सणाला तू आली नाहीस. तुझ्या वाटणीचे सोंगप्यन, तांदळाचे ते गोड मोदक, मी आणि प्यो-काकांनी संपवले. प्यो-काका म्हणजे आमच्या मसाज केंद्रातले सगळ्यात जुने. माझ्यासारखेच अंध.

पासवर्ड मॅनेजर मला त्यांनीच शिकवला. "तुझे पासवर्ड कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

"ताईच्या वहीत."

"आणि ताई?"

"क्वांगजूला."

"म्हणजे कुलूप इथे आणि किल्ली परगावी," म्हणाले.

आता मला एकच लांबलचक वाक्य पाठ ठेवावं लागतं. बाकीचे पासवर्ड मॅनेजरच बनवतो, तोच सांभाळतो, आणि मी कुठल्या चौकटीवर आहे ते स्क्रीन रीडर बोलून सांगतो. सुरुवातीला फजिती झाली. काही बटणांना नावच नव्हतं. तो नुसता "बटण, बटण" म्हणायचा आणि मी भलतंच दाबायचे. एकदा मसाजआधी फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाची वेळ बघायला गेले आणि इअरफोन न लावताच "पासवर्ड दाखवा" दाबलं. टेबलावर एक बाई पालथ्या पडलेल्या, आणि फोन खणखणीत आवाजात सुरू: "मोठा के, सात, तारा, छोटा क्यू..." कसंबसं त्याला गप्प केलं. बाई म्हणाल्या, "मी केव्हाच विसरले. जरा डावा खांदा बघा." प्यो-काका तेव्हापासून मला "मोठा के" म्हणूनच हाक मारतात.

मार्चमध्ये मी पासवर्ड बदलल्याचं सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे आता माझी गरज नाही." मी "तसं नाही गं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर मी का गप्प झाले, ते आज लिहिते.

माझी मेल तोवर तूच उघडायचीस. नवा पासवर्ड लावला त्या दिवशी पाठवलेल्या पत्रांची यादी मी पहिल्यांदा स्वतः ऐकली. त्यात दोन वर्षांपूर्वीचं एक होतं, यसू शहरातल्या मसाज केंद्राला. "मला ही नोकरी नको आहे." खाली माझं नाव. तू तर सांगितलं होतंस, त्यांनीच नकार दिला म्हणून. मी ते चार वेळा ऐकलं. त्या आवाजाला राग नाही, माया नाही, सगळं एका सुरात. राग मलाच आला.

तू घाबरली होतीस, हे मला कळतं. अनोळखी रस्ते आणि मी एकटी. आई गेल्यावर मला हात धरून तूच फिरवलंस, ते विसरले नाही. पण ताई, मला विचारायला हवं होतंस.

जूनमध्ये मी तिथेच पुन्हा अर्ज केला. परवा उत्तर आलं: एक नोव्हेंबरपासून रुजू व्हायचं. खोलीही बघून आले, बसथांब्यापासून एकशे बारा पावलं. प्यो-काका म्हणाले, "आता या बाईंची मिजास यसूकरांनी सोसावी."

सामान बांधायला ये. मला काही वाचून दाखवायचं नाही, काही भरून द्यायचं नाही, नुसती ये. दोघी मिळून खेकडे खाऊ. मी जाऊ नये असं का वाटलं, ते मला तोंडावर सांग. मी ऐकेन. जाईन मात्र.

चुका असतील तर माझ्याच आहेत, हे पत्र मी एकटीने लिहिलंय. तुझं उत्तर आलं, तर तेही सगळ्यात आधी मीच ऐकणार आहे.

अजूनही तुझी धाकटी,
मिरान