वज्रसेनाचं तीळपाणी

दादा,

आई झोपली आहे, उठवू नको. पाच वाजता तिची बीपीची गोळी दे, तेवढ्यापुरता गेम थांबव.

सकाळी बाबांच्या श्राद्धात गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं आणि तू बिनधास्त "वज्रसेन" म्हणालास. गुरुजींना काय माहीत! त्यांनी मंत्र म्हणून त्याच्या नावानं तुला तीळपाणी सोडायला लावलं. मी आईकडे बघून तिळाची वाटी तुझ्याकडे सरकवली. तुझ्या गेममधला तो शापित राजा! वर्षभर त्याच्या चौदा पिढ्या, तलवारीचं नाव, ड्रॅगनशी त्याचं वैर, सगळं तुझ्या तोंडून ऐकून राहिली मी. आणि आपल्या घरच्या तीन पिढ्या तुला काहून पाठ झाल्या नाहीत? तीनच तर होत्या, भैया!

पणजोबांचं नाव मुकुंद. मला ते पाचव्या वर्षापासून येतं, बाबांनीच शिकवलं. पण दर्भाची अंगठी तुझ्या बोटात होती, म्हणून विचारलं तुलाच.

उरलेले तीळ घेऊन मी नर्मदेवर, ग्वारीघाटावर चालली आहे. मुकुंदरावांना पाणी मी देऊन येते. तुझा वज्रसेन तर सकाळीच पिऊन बसला आहे.

प्रणोती