आंब्यावरचे सरकारी पट्टे

आग्रा रोड, द्वारकेच्या पुढे, नाशिक
एप्रिल १९८४

ती. मोतीराम दाजींना सावळीरामचा दंडवत. कंबर कशी आहे? मलम रोज चोळता का? आमची मैनाआक्का अजून माझ्यावर फुगलेलीच असेल, तरी तिलाही नमस्कार (लांबूनच) सांगा.

आपला हायवे रुंद होतोय! दाजी, सरकार रस्ता कसा सांभाळतं हे कुणीही मला विचारावं. हॉटेलच्या गल्ल्यावर बसून जन्मभर दुसरं बघितलंय काय? आधी खड्ड्यात मुरूम टाकतात, तो पाऊस नेतो. मग खडी-डांबर होतं, रोलर फिरतो, कडेच्या झाडांना पांढरे-तांबडे पट्टे मारतात, आणि रस्ता जरा बरा झाला की गाड्या वाढतात, म्हणून तो रुंद करायला घेतात.

त्या पट्ट्यांवरूनच थोडी भानगड झाली. (माझी चूक नाही, पुढे वाचा.) हॉटेलवर सावली धरणारा आंबा बांधाच्या आतला, म्हणजे आपला. पण ट्रकवाले दगड मारून कैऱ्या पाडायचे, माझे पत्रे फुटायचे. मी डोकं चालवलं. रस्त्याच्या गँगला चहा-भजी चारली आणि म्हटलं, बाबांनो, उरलेला चुना-गेरू या आंब्यालाही फासा. काय रुबाब आला म्हणून सांगू! सरकारी झाड म्हटल्यावर एक माणूस हात लावीना. (आक्का पाटी घेऊन आंबे न्यायला आली, तेव्हा तिलाही मी चारचौघांत "झाड सरकारचं आहे" म्हणालो. ती चेष्टा होती. तिने मनाला लावून घेतली, त्याला मी काय करू?)

आता रुंदीकरणाचे साहेब आले. पट्टे बघून म्हणाले, इथपर्यंत हद्द सरकारची. आंबा तोडायचा, हॉटेल हलवायचं. मी लगोलग काथ्याने पट्टे घासायला घेतले, तर मुकादम ओरडला, सरकारी झाड खराब करतोस? मग मलाच ते पुन्हा रंगवावे लागले. आमच्या लंकाबाईच्या मते पट्टे माझ्या डोक्याला मारायला हवे होते. (बायकोचं किती मनावर घ्यायचं?) तरी काळजी नसावी. सगळं माझ्या हातात आहे.

आपला,
सावळीराम

ता. क. सगळं म्हणजे, सोमवारी झाड तोडणार आहेत, त्याआधी आक्काला तेवढं पाठवा. कोय तिने लावली, लग्नाआधी पाणी तिने घातलं. साहेबांपुढे एवढं बोलली की झालं. आंबा गेला तर हॉटेल गेलं, आणि हॉटेल गेलं तर आम्ही खायचं काय? पण तिला खरं कारण सांगू नका. लोणच्याला कैऱ्या देतो म्हणावं.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायच्या आतच आक्का घोटीच्या एसटीनं हजर! (लंकानेच निरोप धाडला होता.) पदर खोचून साहेबांना म्हणाली, "हद्द नकाशात बघायची का चुन्यात? झाड माझं हाय, मी लावलंय." साहेबांनी नकाशा उघडला, तर सरकारची हद्द आंब्याच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूलाच संपलेली निघाली. दाजी, मी रडलोच, खोटं कशाला सांगू. मग तिने मुकादमाकडून खोडावर डांबराने लिहून घेतलं: 'खाजगी. मैनाबाई, घोटी.' आणि मला बजावलं, यंदाचा सगळा आंबा घोटीला यायला पाहिजे.

खरं तर पत्र आता फाडायलाच हवं, पण नवीन काम निघालंय. लंकाला लोणच्याला दोन-चार कैऱ्या मिळतील का, तेवढं आक्काला विचारून कळवा. मीच तोडल्या असत्या, पण त्या झाडाला आता सरकारसुद्धा हात लावत नाही.