आरोपी स्वतः हजर

प्रिय हेरंब,

तुझी केस सापडली. हे आधी लिहून टाकते, कारण ती शोधताना काय काय करावं लागलं ते सांगायला लागले की माझा सूर बिघडतो आणि तू पत्र अर्धवट ठेवशील. फोनवर हा विषय निघाला की पुण्यात तुझी रेंज जाते, म्हणून पत्र.

सुरुवात बाबांनी केली. बायपास झाल्यापासून त्यांचा एकच धोशा होता, त्या केसचं काय झालं ते एकदा बघ. ते स्वतः कोर्टात उभे राहून सांगणार होते, की मुलाचा दोष नाही. त्याच्या स्कूटरने त्या फूलवाल्या बाईचं मनगट मोडलं हे खरं, पण समन्स आलं तेव्हा मीच त्याला म्हणालो, इकडे फिरकू नकोस, स्टेशनवरच धरतील. इथे चेन्नईजवळ आवडी गावच्या कारखान्यात तीस वर्षं रणगाडे जोडलेला हा माणूस. मी म्हटलं, बाबा, असं सांगून काही होत नसतं. तर म्हणाले, तुला सगळं माहीत असतं, मग केस का सापडत नाही? मुलगा घरी येत नाही कारण आपणच त्याला येऊ नको म्हणालो, हे ते तीन वर्षं स्वतःला ऐकवत बसलेत. मला रोज ऐकावं लागतं.

आधी दंडाच्या चलनांचं संकेतस्थळ. स्कूटरचा नंबर टाकला, तर हेल्मेटचं एक जुनं चलन निघालं, तेही माझं. मग कळलं की चलन वेगळं आणि केस वेगळी. माणूस जखमी झाला की प्रकरण पोलिसांकडून कोर्टात जातं आणि चलनांच्या यादीत येतच नाही. हे त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. कोर्टाचं संकेतस्थळ केस नंबर मागतं. केस नंबर समन्सवर असतो. समन्स बाबांनी फाडून टाकलं होतं, तसला कागद घरात नको म्हणून. नंबर नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष द्या. ‘गुळवणी’ टाकलं, नोंद नाही. ‘हेरंब गुळवणी’ टाकलं, नोंद नाही. वर्ष बदललं, कोर्ट बदललं. दर खेपेला वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करायचं, आणि एक चुकलं की भरलेलं सगळं पुसलं जातं. मी दिवसभर ऑफिसात लोकांचे डेटाबेस दुरुस्त करते, आणि घरी येऊन ‘नोंद नाही’ बघत बसते. मागून बाबा विचारतात, मिळालं का गं?

शेवटी रजा टाकून सैदापेटला कोर्टात गेले. व्हरांड्यात बसायला जागा नव्हती, भिंतीला टेकून उभी होते. आतून शिपाई नावं पुकारत होता. एस. मुरुगन, के. सेल्वम, आर. पळनी. आडनाव एकाचंही नाही. माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं आणि त्यावर ‘यू. कीर्ती’ लिहिलेलं होतं. शाळेच्या हजेरीपासून आपण दोघं इथे ‘यू’ आहोत, बाबांच्या नावाचं अक्षर पुढे आणि आपलं नाव मागे. गुळवणी फक्त घरात आणि मिरजेहून येणाऱ्या लग्नपत्रिकांवर. जन्म इथे गेला, आणि मी चेन्नईच्या कोर्टात गुळवणी शोधत बसले होते. तिथेच उभ्या उभ्या फोनवर ‘यू. हेरंब’ टाकलं. लगेच सापडलास.

पुढे फक्त ‘निकाली’ एवढाच शब्द. निकाली म्हणजे काय, ते सांगायला कोणी रिकामं नव्हतं. या खिडकीवरून त्या खिडकीकडे. माझी मैत्रीण विद्युलता वकील आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, निकाली म्हणजे संपली, पण कशी संपली ते निकालपत्रातच असतं, नक्कल काढ. अर्ज केला, त्यावर कोर्ट फीचं तिकीट नाही म्हणून परत आला. तिकीट लावलं तेव्हा साहेब जेवायला गेले होते. नक्कल मिळायला आणखी दोन रजा गेल्या. ती तमिळमध्ये आहे. मी बसमध्येच वाचली.

घरी येऊन बाबांना म्हटलं, केस संपली आहे, वॉरंट वगैरे काही नाही. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला, उलटसुलट केला. तमिळ ते बाजारापुरतं बोलतात, वाचायला कधी शिकलेच नाहीत, तुला माहीत आहे. मग म्हणाले, म्हणजे हेरंब आता येऊ शकतो. नंतर म्हणाले, मला अक्षर न् अक्षर ऐकायचंय, तू नेहमी गाळून सांगतेस. मी म्हटलं, कोर्टाची भाषा आहे, किचकट आहे. तर म्हणाले, राहू दे, राजगोपाल वाचतील. खालच्या मजल्यावरचे राजगोपालमामा जन्मभर शाळेत तमिळ शिकवत होते आणि वाचताना स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. सध्या ते तंजावरला लेकीकडे गेलेत. कागद देवांपाशी ठेवलाय.

त्या कागदावर लिहिलंय की आरोपी स्वतः हजर, गुन्हा कबूल, दंड भरला. तारीख बाबांच्या ऑपरेशनच्या आधीच्या वर्षातली आहे. मला वाटलं माझं वाचण्यात काही चुकतंय, म्हणून देवळाजवळ फुलं विकणाऱ्या, मनगट मोडलेल्या त्या जननीलाच विचारलं. ती म्हणाली, तंबी, तुझा धाकटा भाऊ, आला होता की, कोर्टाबाहेर माझे हात धरून रडला, घरी सांगितलं नाही का त्याने? मी म्हटलं, सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, ताई, वॉरंट आहे ना. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं आणि फॉर्मवर सही करायला गेले. तू का आला नाहीस ते मला विचारायचं नाही. यायचं नव्हतं, एवढं म्हणाला असतास तरी मला चाललं असतं. पण ते ओझं तू बाबांच्या डोक्यावर ठेवलंस, आणि ते मी उतरवणार नाही, कारण माझ्या तोंडून ते त्यांना खरं वाटणार नाही. मी खोटंही बोलणार नाही. राजगोपालमामा रविवारी सकाळच्या गाडीने परत येतात. त्यांच्या आधी बाबांना कोणी सांगायचं, ते तू ठरव. फोनवर नको. सैदापेटपर्यंत एकटा आला होतास. आपलं घर मांबलमला, ते त्याच्या पुढचंच स्टेशन आहे.

तुझीच, अजून तरी,
कीर्तीताई