हातमोज्याच्या आतली गाठ

सेंट जॉन्स,
११ मार्च १९९७

चि. हेडलीस ऑगस्टाचे अनेक आशीर्वाद. ते पोचल्याचं कळव, कारण मागच्या दोन पत्रांतले पोचले की नाहीत हे मला अजून ठाऊक नाही.

रोवेनाच्या लग्नाची भेट मी बघावी, असं तू कळवलंस. लेक तुझी, आणि दुकानं हिंडायची आत्यानं. ठीक आहे. अल्बर्टातल्या त्यांच्या घरात सगळं आहे, तेव्हा आपल्याकडची, कुणीतरी हातानं केलेली वस्तू हवी, एवढंच ती फोनवर म्हणाली. टोरांटोच्या शाळेत चौतीस वर्षं काढून मी इकडे परतले त्याला आठ महिने झाले, पण वॉटर स्ट्रीटवरच्या त्या चित्रविचित्र दुकानांत पाऊल टाकलं नव्हतं. उन्हाळी पाहुण्यांना गंडवायच्या जागा, असं माझं मत होतं. ते मत मी मागे घेते. हे वाक्य जपून ठेव, माझ्याकडून असलं पुन्हा मिळायचं नाही.

एका दुकानात टेलिफोनच्या खांबांवर चढून आयुष्य काढलेला माणूस जुन्या काट्याचमच्यांचे पक्षी करतो. त्याचा पाणकावळा पंख वाळवत उभा होता, अगदी तुझ्या धक्क्याजवळच्या खडकावर उभा राहतो तसा, कंटाळलेला. मी त्याच्यापुढे दहा मिनिटं उभी होते. दुसरं दुकान अरुंद जिन्यावरून वर, तिथली बाई गोणपाटावर जुन्या मोज्यांच्या पट्ट्या ओवून पायपुसणी करते. एकावर दोरीवरचे कपडे होते, आणि वारा कुठून सुटलाय ते त्या शर्टांकडे बघून सांगता येत होतं. घेणाऱ्याला ती विचारते, कुठे ठेवणार? भिंतीवर म्हटलं की तिचं तोंड उतरतं. पायपुसणं पायांसाठी असतं, असं ती म्हणाली. बाई मला आवडली. तिसऱ्या दुकानात नुसते खण आहेत, साठेक. प्रत्येक खण एका कारागिराचा, वर काही लिहिलेलं नाही, उघडून बघायचं. एकात फक्त बटणं, एकात बदकाएवढी शिट्टी. मी सगळे उघडले. कुणी हटकलं नाही.

शेवटचं दुकान लॉरेटा हिस्कॉक यांचं. त्यांचा एक नियम आहे. वस्तू ज्या हातानं केली त्या हाताचं नाव लेबलवर, आणि ते त्याच हातानं लिहिलेलं. एका बाईनं गोधडीचे टाके लेकीकडून घालून घेतले, हे कळल्यावर त्यांनी सगळं खोकं परत धाडलं होतं. आमच्या शाळेला अशी मुख्याध्यापिका मिळायला हवी होती.

त्यांच्या मागच्या भिंतीवर हातमोजे टांगलेले आहेत. आपल्याकडचेच, बंदुकीचा चाप ओढता यावा म्हणून पहिलं बोट सुटं ठेवलेले, निळे-पांढरे, मनगटावर माशाच्या काट्याची नक्षी. चार जोड्या. लेबल पाहिलं. सेलीना पार्डी, स्कल्पिन कोव्ह. तिचंच अक्षर, तेच भलंमोठं वळण घेतलेलं पहिलं अक्षर.

हेडली, सेलीनाला जाऊन येत्या एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील. आणि लॉरेटाबाई म्हणाल्या की खोकं जानेवारीत आलं. माझं आडनाव कळल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्या वहिनी कशा आहेत? मी किंमत विचारली आणि बाहेर पडले. प्रश्न टाळून निघून जाणं माझ्या बाबतीत प्रथमच घडलं.

काय ते सविस्तर लिही. छातीत गार वारा घेऊ नकोस. माया आहेच, पण ती उत्तराची वाट बघते आहे.

तुझी ताई,
ऑगस्टा


स्कल्पिन कोव्ह,
२० मार्च

ती. ताईस हेडलीचा साष्टांग, म्हणजे पाठीत उसण भरलेली असताना जमेल तेवढा.

पत्र मिळालं. मागची दोनही मिळाली होती. त्यांत विचारण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखंच होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

इकडे खाडी बर्फानं गच्च भरली आहे. शेजारचा आयझॅक सील मारायला गेला आणि एक हातमोजा आणि टोपी घालवून आला. सीलनं त्याला मारलं असं सगळे म्हणतात. छपराची बाजू मी दुरुस्त केली. तुझ्यासाठी मूस हरणाच्या मांसाच्या दोन बरण्या भरून ठेवल्या आहेत, टॅक्सीवाल्याबरोबर धाडतो. त्यात मीठ जास्त आहे असं तू म्हणशीलच.

हातमोज्यांचं म्हणशील तर त्यात काही विशेष नाही. सेलीनानं पुष्कळ विणून ठेवले होते, पेटीभर. तेच थोडे थोडे पाठवतो. ती गेल्याचं लॉरेटाबाईंना कळवायचं राहून गेलं. तू त्या दुकानात पुन्हा जाऊ नकोस, भेट दुसरीकडे बघ. तो पाणकावळा चांगला वाटतो.

तब्येतीला जप, आणि आहे तेवढी माया राहू दे, वाढवायच्या भरीस पडू नकोस.

तुझा,
हेडली


सेंट जॉन्स,
२७ मार्च

चि. हेडलीस आशीर्वाद, या खेपेला मोजके.

बरण्या मिळाल्या. मीठ जास्त आहे.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच दुकानात गेले. चारांतली एक जोडी विकत घेतली, घरी आणली आणि उलटी केली. कुठलीही शिवलेली-विणलेली वस्तू मी आतून बघते हे तुला माहीत आहे, तुझे शाळेचे सदरे मीच तपासायचे.

विणणारी बाई नवा धागा जोडताना गाठ मारत नाही. टोकं टाक्यांत ओवून लपवते. सेलीनाला तर गाठीचा तिटकारा होता. या हातमोज्यांत प्रत्येक जोडाला गाठ आहे. आणि ती बायकांची गाठ नाही. ती जाळ्याची गाठ आहे, बाबा खोपटात बसून आपल्या दोघांना शिकवायचे ती. फासातून मागून वर, स्वतःखालून पार. मला ती डोळे मिटून ओळखता येते. स्कल्पिन कोव्हमध्ये ती गाठ मारणारी आणि सेलीनाची नक्षी ठाऊक असलेली एकच व्यक्ती शिल्लक आहे, आणि ती मला पेटीची गोष्ट सांगते.

तू विणतोस याला माझी हरकत नाही. काम इतकं देखणं आहे की मी तो अंगठा तीन वेळा घालून काढला. हरकत लेबलाला आहे. मेलेल्या बाईच्या नावावर काम खपवणं याला एकच शब्द आहे आणि तो मला लिहावा लागू नये अशी माझी इच्छा आहे.

आता पुढचं ऐक. दहा मे रोजी लॉरेटाबाई दुकानाच्या काचेमागे कारागिरांना बसवणार आहेत, ज्यानं त्यानं आपलं काम लोकांसमोर करायचं. पहिली खुर्ची त्यांनी सेलीनासाठी ठेवली आहे. तसं पत्र टाकलं आहे, तुझ्या हाती पडलं असेलच. न आल्यास त्या चौकशी करतील. कळलं तर तुझी प्रत्येक वस्तू भिंतीवरून उतरेल आणि सेलीनाचं नाव खोटेपणासाठी घेतलं जाईल. पंधरा एप्रिलपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगेन.

माया कमी झालेली नाही. फक्त तिच्या कपाळाला आठी आहे.

ऑगस्टा


स्कल्पिन कोव्ह,
६ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हे पाचवं.

विणतो मीच. पण तू समजतेस तेव्हापासून नाही. ९१च्या हिवाळ्यात सेलीनाच्या बोटांचे सांधे धरले. सकाळी कपसुद्धा उचलवायचा नाही. ती कुणाला सांगायला तयार नव्हती. पुढल्या वर्षी कॉड मासा धरायला सरकारची बंदी आली, आणि मी घरात बसलो. एवढा मोठा माणूस, खुर्चीत. ती समोरच्या खुर्चीत, सुया मांडीवर तशाच. एके दुपारी तिनं सुया माझ्याकडे फेकल्या आणि म्हणाली की तू जाळी विणतोस, हे त्याहून बारीक आहे, एवढाच फरक.

पडदा ओढून बसायचो, आयझॅकनं बघू नये म्हणून. ती टाके सांगायची, मी घालायचो. तीन निळे, एक पांढरा, फिरव, मूर्खा, दुसरीकडे फिरव. गाठीवरून रोज भांडण. मी म्हणायचो, ज्या गाठीनं टनभर मासा धरला ती हातमोजा धरणार नाही का. शेवटी तिनं सोडून दिलं. आत कोण बघतंय, म्हणाली. तुझी ताई सोडून.

ताई, ९२च्या नाताळात तुला हातमोजे पाठवले होते. तू लिहिलंस की सेलीनाच्या बोटांत कला आहे आणि हेडलीची बोटं वल्ह्यापलीकडे कशाच्या उपयोगी नाहीत. ते सेलीनानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ते हातमोजे माझे आहेत. उलटे करून बघ.

ती गेल्यावर मी थांबणार होतो. पण कपाटात बिस्किटांचा डबा सापडला. त्यात लेबलं. बोटं बरी असतील त्या दिवशी ती दहा-दहा लिहून ठेवायची, मला न सांगता, पुढची सोय म्हणून. दोरासुद्धा ओवलेला. ताई, तिच्या अक्षरातलं दुसरं काही माझ्याकडे नाही. आम्ही एका घरात राहायचो, एकमेकांना पत्रं कशाला लिहिणार. आणि ती लेबलं डब्यात पडून राहण्यासाठी लिहिलेली नव्हती. म्हणून विणत गेलो. एक जोडी, एक लेबल. अकरा राहिली आहेत. ती संपली की मी आपणच थांबणार होतो.

लॉरेटाबाईंचं पत्र इथे टेबलावर आहे. सांगायचं तर तूच सांग, मी सांगू शकणार नाही. फक्त सेलीनाला खोटी म्हणू देऊ नकोस.

तुझा,
हेडली


सेंट जॉन्स,
१५ एप्रिल

प्रिय हेडली, आशीर्वाद, आणि त्याआधी क्षमा. हा क्रम माझ्या पत्रात तू पूर्वी पाहिलेला नाहीस.

माझे हातमोजे उलटे केले. सात गाठी. पाच हिवाळे ते माझ्या हातांत आहेत. दुकानातली प्रत्येक वस्तू मी उलटून पाहते, आणि ते कधी पाहिले नाहीत, कारण ते सेलीनानं दिले होते. ९२चं ते पत्र तुझ्याकडे असेल तर चुलीत घाल. ज्या वर्षी समुद्र बंद झाला त्याच वर्षी मी तुझ्या बोटांबद्दल तसं लिहावं, याची मला लाज वाटते.

आज दुकानात गेले आणि लॉरेटाबाईंना सगळं सांगितलं, उभ्यानं, तुझं पत्र हातात धरून. मग त्यांनी भिंतीवरच्या उरलेल्या तिन्ही जोड्या काढल्या, उलट्या केल्या, गाठी अंगठ्यानं दाबून पाहिल्या. म्हणाल्या की पाचेक वर्षांपूर्वी हातमोज्यांचा अंगठा एकदम नीट बसायला लागला होता, आणि त्यांना वाटलं, बाईंचा हात सुधारला. मग कात्री घेतली आणि तिन्ही लेबलं कापली.

मला वाटलं, संपलं. सांगून मी योग्य केलं याबद्दल मला शंका नव्हती, पण मी दाराकडे वळले. तेवढ्यात त्यांनी तीन कोरी लेबलं माझ्यापुढे ठेवली. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते: “नियम नियमच आहे. ज्यानं विणलं त्यानं लिहावं. तोवर माल आत राहील, पण हा खिळा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. आणि खुर्ची खुर्चीच आहे, तिच्यावर बाईनंच बसावं असं काही मी म्हटलं नव्हतं.”

सेलीनाला त्यांनी खोटी म्हटलं नाही. मी म्हणू दिलं नसतं.

तीन कोरी लेबलं सोबत आहेत. कापलेली तीनही आहेत, सेलीनाच्या अक्षरातली. आता डब्यात अकराऐवजी चौदा होतील. ती यापुढे कशालाही बांधायची नाहीत. ती तुझी पत्रं आहेत असं समज.

पंधरावं मात्र तुला मिळणार नाही. मी विकत घेतलेल्या जोडीला ते अजून बांधलेलं आहे, आणि घेतलेली वस्तू माझी आहे. ती जोडी मी आज रोवेनाला धाडली, आणि सोबत खरं काय ते लिहिलं. आईचं अक्षर, बापाचे टाके. त्या रस्त्यावर याहून चांगली भेट नव्हती, आणि मी साठच्या साठ खण उघडले आहेत. पाणकावळा मी माझ्यासाठी घेतला.

दहा मेला येणार की नाही ते तू ठरव. मी आग्रह करत नाही. बिछाना घातलेला आहे एवढंच कळवते.

तुझी,
ताई


स्कल्पिन कोव्ह,
२८ एप्रिल

ती. ताईस हेडलीचा नमस्कार, पाठ आता बरी आहे, पूर्ण वाकून.

रोवेनाचा फोन आला. आधी दोघंही हवापाण्याचं बोललो. मग म्हणाली की आतल्या गाठी नवऱ्याला दाखवल्या आणि सांगितलं की या माझ्या बाबांच्या.

शनिवारी पडदा उघडून बसलो. आयझॅक खिडकीवरून दोनदा गेला, तिसऱ्यांदा आत आला. चहा घेतला, सुयांकडे बघत राहिला. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते. तो म्हणाला की सीलनं एक हातमोजा नेला आहे, तर नुसता डावा विणून मिळेल का. बाहेर गेल्यावर त्यानं सगळ्या गावाला सांगितलं, आणि आता धक्क्यावर मला मावशी म्हणतात. म्हणोत. तिघांनी माप दिलं आहे.

नऊ तारखेला टॅक्सीनं येतो. चहा कडक ठेव, दूध डब्यातलं. काचेमागे बसायचं म्हणजे सदरा इस्त्रीचा लागेल का ते कळव, आणि तो आतून तपासू नकोस. आपल्या मायेवर मी आजवर बसून खाल्लं, ती तशीच चालू ठेवावी.

तुझा,
हेडली

ता. क. लेबलं लिहिली. पहिल्यावर नुसतं माझं नाव लिहिलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं वाटलं नाही, म्हणून फाडलं. दुसऱ्यावर शाई सांडली. तिसरं सोबत पाठवतो. लॉरेटाबाईंच्या नियमात बसतं का विचार. बसलं तर बाकीची तिथे येऊन लिहीन. लिहिलं आहे ते असं: विणलं हेडली पार्डीनं, सेलीनानं सांगितलं तसं. गाठी सोडून.